पत्र्यावरचे दगड

आमच्या जिल्ह्यात घरावर पत्रे टाकले की पत्र्यावर दगड ठेवतात. दाराला कडी असते तसे पत्र्याला दगड असतात, त्यात विचारण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. आमच्या हिंगोलीच्या घरातही मागच्या खोलीवर असे दगड होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या दगडावर गल्लीतलं मांजर ऊन खात बसायचं. भूगर्भशास्त्र शिकून, त्यात पीएच.डी. करून मी कॉलेजात शिकवायला लागले, तोपर्यंत मला त्या दगडांत काहीही वावगं दिसलं नव्हतं.

औंढा नागनाथच्या पलीकडे, सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात आणि माझं त्यांच्याकडे येणंजाणं आहे. त्या गावाखालून काही वर्षांपासून आवाज येतात. दूर कुठेतरी विहिरीत सुरुंग उडवावा तसा एक दणका, मग मांडणीवरची भांडी थरथरतात, आणि झालं. कधी महिनामहिना काही नाही, कधी एकाच दिवसात दोनदा. गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, नागनाथ कूस बदलतो. तरुणांचं म्हणणं, धरणाचं पाणी खाली मुरतं. मोबाइलवर येणाऱ्या निरोपांचं म्हणणं रोज वेगळं असायचं, आणि त्यात मोठ्या भूकंपाची तारीख वारासकट दिलेली असायची.

आम्ही कॉलेजातले काही जण तिथे भूकंपमापक घेऊन गेलो. शाळेच्या एका खोलीत सिमेंटचा ओटा करून त्यावर ती पेटी बसवली. आठवडा उलटायच्या आत गावभर झालं, की पेटी आल्यापासून आवाज वाढले. आवाज वाढले नव्हते, पेटी आल्यापासून लोक कान देऊन ऐकायला लागले होते. मला राग आला. राग मला लवकर येतो, आणि तो तोंडावाटे लगेच बाहेरही पडतो. पारावर बसलेल्या एका गृहस्थाला मी विचारलं, "थर्मामीटर लावला म्हून ताप येतो का हो?"

तो शांतपणे म्हणाला, "आमच्या गावात तसं बी झालेलं हाय."

मी पाराकडे पाठ फिरवली आणि पेटी तपासायला शाळेत गेले.

पेटीचं एक वेळ राहू द्या, मला खरी धास्ती दगडांची होती. गावातली निम्मी घरं दगडमातीच्या भिंतींची आणि वर पत्रे. पत्र्यांवर पाण्याच्या कळशीएवढे दगड. जमीन जोरात हलली तर भिंतीच्या आधी हे दगड घसरणार, आणि जिथे पत्रा कुजलेला असेल तिथे सरळ आत झोपलेल्या माणसावर येणार. किल्लारीकडची आठवण मराठवाड्यात कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. तेव्हा आम्ही मारुतीच्या पारावर सभा घेतली. मी बोलले, आणि माझ्या मते चांगलं बोलले. भूकंप कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, हे स्पष्ट सांगितलं. पण आला तर डोक्यावर काय असावं आणि काय नसावं हे आपल्या हातात आहे, दगड उतरवा, असंही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बराबर हाय, मॅडम," असं चहूकडून आलं. एका पुढाऱ्याने उभं राहून आभारही मानले.

पुढच्या आठवड्यात गेलो तर काय, दगड गायब. ओळीने स्वच्छ पत्रे, उन्हात चमकणारे. दगड होते तिथे पत्र्यावर गंजाचे गोल डाग तेवढे राहिलेले. आमच्याबरोबर बांधकाम शिकवणारे एक प्राध्यापक होते, सरळ मनाचा माणूस, ते तर हरखून गेले. फोटो काढले. विज्ञान लोकांपर्यंत असं पोचतं, असं ते गाडीत म्हणाले, आणि मीही मान डोलावली. धरणाच्या फाट्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की चष्मा शाळेत पेटीजवळ राहिला. गाडी वळवली.

गावात शिरलो तर घराघराला शिड्या लागलेल्या. एक जण शिडीवर, एक खाली, आणि दगड हातोहात वर चाललेले. ज्याने सभेत आभार मानले होते तोच खांद्यावर दगड घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा. मला पाहून तो ओशाळला.

"मॅडम, तुमी तर गेल्या होत्या."

"चष्मा राहिला माझा."

"मंग फोन करायचा. म्या आनून देला असता, तुमी काहून तकलीफ घेतली?" असं म्हणून त्याने दगड हळूच खाली ठेवला आणि खरंच माझा चष्मा आणायला शाळेकडे गेला.

प्राध्यापक गाडीत येऊन बसले आणि पुटपुटले, "अडाणी लोक." आता माझा राग त्यांच्यावर फिरला. अडाणी कसले? पाहुणा यायचा म्हटलं की आपण घर आवरतो, पसारा कॉटखाली ढकलतो, तसा त्यांनी गाव आवरला होता. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून एवढाले दगड उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे, हे कष्ट काय थोडे होते? आम्ही त्यांना पटवून दिलं नव्हतं. त्यांनी आमचा मान ठेवला होता, एवढंच. गावात येणारी आरोग्य सेविका नंतर मला म्हणाली, तिचंही असंच आहे. रक्तवाढीच्या गोळ्या बाया 'हो ताई' म्हणून हसत हातात घेतात आणि त्या उकिरड्यावर सापडतात. "न्हाई म्हनल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं," ती म्हणाली. तिचं ते वाक्य मला फार पटलं.

कारण त्या गावात 'नाही' म्हणणारं एक घर होतं. सकाळी आम्ही फोटो काढत होतो तेव्हा गावाच्या टोकाच्या एका घरावरचे दगड जागचे हललेले नव्हते. फोटो चांगला यावा म्हणून आम्ही ते घर चौकटीबाहेर ठेवलं होतं. चष्मा हातात येताच मी थेट त्या घराकडे गेले.

अंगणात एक बाई सुपात तूर पाखडत बसली होती. वय साठीच्या अलीकडे, हात काळे आणि मजबूत, नजर सरळ. आत तिची सून भाकरी थापत होती. मुलगा टेम्पो चालवतो, हळद भरून वसमतच्या बाजारात गेलेला, असं कळलं. आणि घराच्या मधल्या वाशाला साडीची झोळी बांधलेली, तिच्यात दोन-अडीच महिन्यांची नात. मी दारात जाऊन वर पाहिलं. झोळीच्या बरोबर वर पत्रा खाली वाकलेला होता. बाहेरून त्याच जागी सगळ्यात मोठा दगड होता, तो मी येतानाच पाहिला होता.

"मावशी, सगळ्यांनी दगड काढले, तुमी काहून न्हाई काढले?" मी विचारलं.

"मला काढायचेच न्हाईत. मंग दाखवायला कशाला काढू?"

मी खाली बसले. खरं सांगते, मला आनंद झाला. पूर्ण गावात माझ्याशी खरं बोलणारं हे पहिलं माणूस होतं.

तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला सगळं सांगितलं, न रडता. काही वर्षांपूर्वी वैशाखात असंच एकदा वावधान सुटलं. वावधान म्हणजे आमच्याकडचं वादळ, उन्हाळ्यात दुपारनंतर एकाएकी उठतं आणि तासाभरात सगळं उलटंपालटं करून जातं. तिचा नवरा बैल सोडायला अंगणात गेला होता. घरावरचा पत्रा सुटला आणि त्याच्या मानेवर बसला. हिंगोलीला नेईपर्यंत संपलं.

"तवा वर दगड न्हवते?" मी विचारलं.

"होते. ल्हान होते." तिने वर हात केला. "हे म्या पूर्णा नदीतून आनलेत. मोठाले बघून. तुमचा भूकंप म्या पाह्यला न्हाई, बाई. वारा पाह्यलाय."

त्या क्षणी मला माझं सभेतलं भाषण आठवलं आणि त्याचा कंटाळा आला. एका बाजूला भूकंप येईल की नाही हे आम्हालाच माहीत नव्हतं, आणि दुसऱ्या बाजूला वारा दरवर्षी येत होता, नेमाने, आणि त्याने या घरातला माणूस नेला होता. आम्ही शास्त्रात ज्याला पुरावा म्हणतो तो तिच्याजवळ होता. माझ्याजवळ शक्यता होती. आणि मी पुराव्यावर जगणाऱ्या बाईला शक्यतेसाठी पुरावा सोडून दे म्हणत होते. गावातल्या प्रत्येक घराचं थोड्याफार फरकाने हेच म्हणणं असणार, ते आमच्या तोंडावर बोलले नाहीत इतकंच.

पण झोळीवरचा तो दगड काही डोळ्यांपुढून हलेना. "झोळी दुसऱ्या कोपऱ्यात बांधा," असं मी म्हणाले, तर सून पहिल्यांदाच बोलली, "तिकडचे वासे किडलेत, मॅडम." मी तिथून उठले ते मनाशी ठरवूनच. या घरावरचे दगड खाली आणायचे, आणि वाऱ्याचा बंदोबस्त केल्याशिवाय आणायचे नाहीत.

प्राध्यापकांना मी परतीच्या वाटेवर धारेवर धरलं. दगड काढा म्हणून सांगायला आपण आलो, त्या दगडाचं काम कोण करणार हे सांगायला कोण येणार? ते बिचारे विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी कागदावर आकृती काढून घेऊन आले. रागावलं की ते चांगलं काम करतात. युक्ती साधी होती. पत्रा वाशाला हुकाच्या बोल्टने आवळायचा, वासा जाड तारेने भिंतीच्या दोन्ही अंगांना जमिनीत पुरलेल्या लोखंडी खुंट्यांना ताणून बांधायचा. म्हणजे वाऱ्याला पत्रा उचलायचा तर सगळं घर उचलावं लागेल.

आकृती घेऊन गेलो तर मावशीने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि एकच हरकत घेतली. "पत्र्याला भोक पाडलं की गळतं."

याचंही उत्तर प्राध्यापकांकडे होतं. पत्र्याला नाळी असतात, पाणी खोलगट नाळीतून वाहतं. भोक उंचवट्यावर पाडायचं, वर रबरी वायसर लावायचा. गळत नाही. मावशीला हे सांगून उपयोग नाही हे आता मी ओळखून होते. पत्र्याचा एक तुकडा आणला, उंचवट्यावर बोल्ट मारला, खोलगट जागी दुसरा मारला, आणि तांब्याभर पाणी तिच्या हातात दिलं. तिने ते दोन्हीकडे ओतलं. मग दुसरा तांब्या भरून आणून पुन्हा ओतलं. खालून हात लावून पाहिला.

"चालतंय," ती म्हणाली.

किडलेले वासे बदलले, बोल्ट मारले, खुंट्या पुरल्या. काम मी आणि प्राध्यापकांनी आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन केलं. मुलगा घरी होता त्या दिवशी त्यानेही हात लावला. अर्धे बोल्ट मी स्वतः आवळले, हाताला फोड आले. संध्याकाळी सगळं झाल्यावर मी म्हणाले, "आता उतरवा दगड."

मावशी म्हणाली, "आदी वारा येऊ द्या."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे इतके दिवस दगडांचं ओझं होतं, आता दगड आणि वर बोल्टही. मी तिला सांगितलं, गणित सांगतं की हा पत्रा उडणार नाही. ती म्हणाली, गणित काय पत्र्याखाली झोपतं? मग तिने आपली अट घातली. वारा येताना दिसला की ती दगड उतरवील. लेकरू आणि सून शाळेच्या स्लॅबच्या खोलीत जातील. आणि पत्र्याखाली ती बसेल, आणि मी.

"बसते," मी म्हणाले. विचार न करता म्हणाले, रागात म्हणाले, पण म्हणाले. प्राध्यापक परतताना मला समजावत होते की असं काही करण्याची गरज नाही, आकडे पक्के आहेत. मी म्हटलं, पक्के आहेत ना, मग तुम्हीही चला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

वैशाखात एक दिवस मी परीक्षेच्या कामाला औंढ्यात होते. दुपारी सुनेचा फोन आला. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "मॅडम, आभाळ भरून येऊन राहिलंय. आत्याबाई म्हनत्यात, यायचं असंल तर आत्ता या."

मी पेपर तसेच एका सहकाऱ्याच्या हवाली केले आणि निघाले. देवळासमोरचे दुकानदार ताडपत्र्या आवळत होते. धरणाच्या अंगाला आभाळ काळंपिवळं झालं होतं. गाडी चालवताना मनात येत होतं, की एवढे दिवस मी लोकांना विश्वास ठेवा विश्वास ठेवा म्हणत आले, आणि आज पहिल्यांदा मलाच तो ठेवायचा आहे. वर्गात फळ्यासमोर उभं राहून हे कधी तपासावं लागलं नव्हतं.

पोचले तेव्हा मावशी शिडीवर होती आणि शेवटचा दगड खाली येत होता. झोळीवरचा. तो उतरवायला शेजारचे दोघे लागले. शेजारीपाजारी बघत उभे होते, एकाने मला ऐकू येईल असं म्हटलं, "मॅडमचं काई खरं न्हाई आज." सून लेकराला पदराखाली घेऊन शाळेकडे धावली. मावशीने दार लावलं, आतून लाकडी आडणा घातला आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो.

मग वारा आला. बाहेर असताना वारा अंगाला लागतो, तिथे तो डोक्यावर आला. पत्रे किंचाळायला लागले. वाशांच्या तारा गुणगुणायला लागल्या, धूळ फटीफटीतून आत घुसली, दिवसाउजेडी अंधार झाला. एका कोपऱ्यात पत्रा धडधड आपटायला लागला. मला लगेच कळलं, तिथला एक बोल्ट सैल राहिला आहे, आणि तो मी आवळलेल्यांतला होता की विद्यार्थ्यांनी आवळलेल्यांतला हे आठवेना. मी गुडघे पोटाशी घेतले.

"भ्याली का?" मावशीने विचारलं. इतके महिने ती मला 'तुमी' म्हणत होती.

"व्हय."

"मंग बसली काहून?"

"बोल्ट मी आवळलेत ना."

"तेच्यामुळंच म्या बी भ्याले," ती म्हणाली, आणि त्या आवाजातही मला तिचं हसू ऐकू आलं. मग तिने माझा हात धरला. नवऱ्याचं नाव न घेता ती म्हणाली, की त्या दिवशीसुद्धा असाच आवाज होता, आणि त्यानंतर प्रत्येक वैशाखात ती याच जागी एकटी बसत आली आहे, वर डोळे लावून. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

वारा किती वेळ होता ते सांगता येणार नाही. गारांचा एक सपाटा आला, मग पाऊस, आणि मग नुसतं थेंबाथेंबाचं टपटपणं. आम्ही वर पाहिलं. पत्रा होता. सगळा होता. तो सैल कोपरासुद्धा होता. मावशी उठली, घरभर फिरली, एका जागी थांबली आणि बोटाने दाखवलं. एका बोल्टखालून पाणी टपकत होतं.

"गळलं," ती म्हणाली.

"एक गळलं," मी म्हणाले. "वायसर चुकला असंल."

तिने त्याखाली पातेलं ठेवलं आणि चहा टाकला. बाहेर गावात दोन घरांचे पत्रे दगडांसकट उडाले होते. एकाचा पत्रा रानात सापडला. माणूस कुणी गेलं नाही, एवढं बरं. दगड तिने पुन्हा वर चढवले नाहीत. संध्याकाळी झोळी पुन्हा वाशाला बांधली, आणि मी तिच्यातल्या लेकराला मनसोक्त झोके दिले.

यानंतर गाव बदलून गेलं असं मी सांगितलं तर ती थाप होईल. चार-पाच घरांनी बोल्ट मारून घेतले. बाकीचे 'बघू', 'पेरण्या होऊ द्या', 'पोरगं पुन्याहून आलं की' असं म्हणत राहिले. पण एक फरक पडला. आता ते माझ्या तोंडावर 'नाही' म्हणायला लागले. एक म्हातारा तर पारावर अर्धा तास माझ्याशी भांडला, की पूर्वी गवताची छपरं होती तेव्हा हे काहीच नव्हतं. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. भांडण झाल्यावर त्याने मला घरी नेऊन आपला पत्रा दाखवला.

पेरण्या झाल्या. सोयाबीन वीतभर वर आलं होतं. एका सकाळी मी हिंगोलीच्या घरी चहा गाळत होते आणि पायाखालची फरशी सरकली. मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या, भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. नेहमीसारखा थरथराट नव्हता हा, लांबलेला होता. थांबल्यावर मी पहिला फोन त्या सुनेला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही. मी गाडी काढली.

रस्त्याला प्रत्येक गावात माणसं घराबाहेर उभी होती. औंढ्यात देवळाच्या पटांगणात गर्दी झाली होती. मी मनातल्या मनात एकाच घराचा विचार करत होते. वारा सोसायला बांधलेलं घर हादऱ्याला टिकेलच असं नाही, भिंती अजून मातीच्याच होत्या, हे मला माहीत होतं. सगळं माहीत असणं त्या रस्त्यावर काही कामाचं नव्हतं.

गावाच्या टोकाला मावशी अंगणात उभी दिसली, नात तिच्या कडेवर. भिंतीचा एक कोपरा ढासळला होता, मातीचा ढीग झाला होता. पत्रा जागच्या जागी. सून आतून फाटकी झोळी सोडून बाहेर आणत होती.

"झोळीत होती?" मी विचारलं.

"झोळीतच व्हती," सून म्हणाली. "धूळ पडली अंगावर. बाकी काई न्हाई."

मी लेकराच्या केसांतली माती काढत राहिले. तेवढ्यात शेजारच्या घराकडून आरडाओरडा ऐकू आला आणि आम्ही तिकडे गेलो. त्या घरावर दगड तसेच होते. त्यातला एक पत्रा फोडून आत आला होता आणि खाटेवर पडला होता. खाटेच्या पट्ट्या तुटून दगड जमिनीवर बसला होता. घरधनी पहाटेच रानात गेला होता म्हणून वाचला. आता तो दारात उभा राहून त्या खाटेकडे पाहत होता.

गाव माझ्याभोवती जमलं. "आजून मोठा येनार हाय का?" एकाने विचारलं. मोबाइलवर म्हणे दुपारची वेळ आली होती.

"मला माहीत न्हाई," मी म्हणाले. "कुनालाच माहीत न्हाई. जो वेळ सांगतो तो खोटं बोलतो. छोटे धक्के येऊ शकतात, म्हून आज कुनी घरात झोपू नका. मी आणि आमचे सर एकेक भिंत बघून सांगू, कोनती चालंल आणि कोनती न्हाई. आणि दगड आत्ता उतरवा. उद्यापासून एकेका घराला बोल्ट मारू, आमी येतो."

कुणी हललं नाही. खाटेकडे पाहणारा तो माणूस शेवटी माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. "बोल्ट उद्या मारचाल, मॅडम. दगड आज काढले आन् राती वारा सुटला, तर आमी कुठं जावं?"

प्रश्न बरोबर होता. मी तोंड उघडणार, तोच मावशीने नात माझ्या कडेवर दिली. तरातरा आपल्या अंगणात गेली, स्वतःची शिडी उचलून आणली आणि त्याच्या भिंतीला लावली.

"चढ," ती त्याला म्हणाली. "वारा आला तर समदे माज्या पत्र्याखाली येऊन बसा."